टेलला माणूस लागतो

बागवान मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडात कापसाचे बोळे होते आणि गळ्याभोवती निळा कागदी रुमाल. सदाशिव पेठेत दातांच्या एका डॉक्टरांकडे मी नुकतीच कामाला लागले होते. फोन घ्यायचा, वेळ द्यायची, पेशंटला आत सोडायचं, एवढंच काम. त्या दिवशी फोनवर कुणी तरी इंग्रजीत बोलणारे गृहस्थ होते. मी धीर एकवटून म्हणाले, "डॉक्टर सेड मी, यू कम टुमारो." तेवढ्यात आतून खुर्ची करकरली. डॉक्टरांचा "अहो, अहो!" असा आवाज आला. आणि दारात एक ठेंगणी, कडक इस्त्रीच्या सुती साडीतली बाई उभी राहिली, तोंड उघडं, एक हात गालावर आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्यावर रोखलेलं.

"होल्ह ही!" त्या म्हणाल्या.

मला काही कळेना. मला वाटलं, बाईंना भूल चढली. त्यांनी सरळ बोळे काढून हातात घेतले आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "टोल्ड मी. डॉक्टर टोल्ड मी. सेड मी नव्हे." मग बोळे पुन्हा तोंडात ठेवले आणि खुर्चीत जाऊन बसल्या. डॉक्टर हातात यंत्र धरून तसेच उभे होते.

जाताना त्यांनी मला नाव विचारलं. मी मेधा म्हणून सांगितलं. "नाव बुद्धीचं आहे. सातला वर ये," म्हणाल्या. वर म्हणजे आमच्या दवाखान्याच्या डोक्यावरची खोली. जिन्यात पाटी होती: 'येथे इंग्रजी बोलायला शिकवले जाते. काय बोलायचे ते घरून ठरवून यावे.'

मॅडम एका मुलींच्या शाळेतून इंग्रजीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. मंडईत त्यांच्या थोरल्या भावाचा फळांचा गाळा होता आणि त्या भावाकडेच राहायच्या. भावाला त्या भाईजान म्हणायच्या, म्हणून आम्हीही भाईजानच म्हणायचो. घराण्याचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या फळांचा. "आमच्या घरात सगळे पिकलेलं ओळखतात, मी एकटीच कच्चं घेऊन बसते," असं आमच्याकडे बघत त्या म्हणायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले, से आणि टेल. म्हणाल्या, "मराठीत दोन्हींना आपण 'सांगणं' म्हणून मोकळे होतो. इंग्रज तसा मोकळा होत नाही. से म्हणजे तोंडातून शब्द बाहेर पडले, विषय संपला. भिंतीसमोर उभं राहून से करता येतं. पण टेल केलं की विचारावं लागतं, कुणाला? टेल हर, टेल हिम, टेल डॉक्टर. टेलला माणूस लागतो." आणि खरोखरच, कुणी टेल वापरून पुढे माणूस घातला नाही की त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, "टेल हूम?" हा प्रश्न त्या रिक्षावाल्यालाही विचारायच्या. चुका करण्याला त्यांची ना नव्हती. "चुका करा, पण नव्या करा. जुन्या मला पाठ आहेत."

वर्गात आम्ही सात-आठ जण होतो. त्यातले सोपानराव हे हडपसरचे शेतकरी. त्यांच्या मळ्यातले पेरू वर्षानुवर्षं भाईजानच्या गाळ्यावर जायचे. आता मळ्याच्या निम्म्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली होती आणि तिथले साहेब लोक उठसूट सोपानरावांशी हात मिळवायला येत होते. "हात मिळवून झाल्यावर काय करायचं त्येच कळंना," असं भाईजानला सांगितल्यावर भाईजाननी त्यांना बहिणीकडे धाडलं होतं.

सोपानराव टेलच्या मागे हात धुऊन लागले होते. एकदा मॅडमनी टेल ऑफ शिकवलं. सोपानरावांनी हात वर केला. "मॅडम, ऑन म्हंजे चालू, ऑफ म्हंजे बंद. मग टेल ऑफ म्हंजे सांगणं बंद का?"

"नाही. टेल ऑफ म्हणजे असं खडसावणं, की ऐकणाऱ्याचं बोलणं बंद."

"मग कळलं," सोपानराव म्हणाले. "आमच्या घरात हाय ते."

त्याच सुमारास त्यांच्याकडे कंपनीचा एक गोरा साहेब जेवायला आला. सोपानरावांना जुळ्या मुली, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा. साहेबाने कौतुकाने दोघींकडे बघून विचारलं, "हाऊ डू यू टेल देम अपार्ट?" सोपानरावांच्या कानाने त्यातला ओळखीचा शब्द पकडला. छाती फुगवून त्यांनी उत्तर दिलं, "नो अपार्ट, साहेब. आय टेल देम टुगेदर. बट दे डू नॉट लिसन!"

हे त्यांनी वर्गात येऊन सांगितलं तेव्हा मॅडमच्या हातून खडू पडला. त्या टेबलावर डोकं ठेवून हसल्या, चष्मा काढून हसल्या, मध्येच थांबून "टुगेदर" एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. "अहो सोपानराव, तो विचारत होता, ह्या दोघींमधली कोण कुठली हे ओळखता कसं? टेल म्हणजे ओळखणंसुद्धा. न सांगता कळणं." सोपानराव जरा विचारात पडले. "मग माझं बी उत्तर चुकलं न्हाई. मला बी वळखू येत न्हाईत. दोघींना एकदमच हाक मारतो."

या वर्गात एका संध्याकाळी मुजावर साहेब आले. उंच, सडपातळ, पांढरी दाढी नीट कातरलेली. दारात उभे राहून त्यांनी असा काही आवाज लावला की खालच्या दवाखान्यातला पेशंट दचकला असेल. "गुड ईव्हनिंग. मिस्टर मुजावर, कमिंग फ्रॉम विश्रांतवाडी, इज रनिंग लेट बाय ट्वेंटी मिनिट्स. द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "आत येताय की सुटताय?"

ते रेल्वे स्टेशनवर गाड्यांची घोषणा करण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. इंग्रजी आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं, पण सगळं माइकसमोरचं. मुलगा कॅनडात होता. फोनवर नातू इंग्रजीत बोलायचा आणि आजोबांनी तोंड उघडलं की विचारायचा, "बाबा, आजोबा रेकॉर्ड केलेले आहेत का?" नातवाशी गप्पा मारता याव्यात म्हणून हा माणूस दोन बस बदलून आमच्या जिन्यावर चढला होता.

मॅडमना हा आजार नवाच होता. त्यांनी आपल्या पद्धतीने निदान केलं. "मुजावर साहेब, तुम्ही आयुष्यभर अख्ख्या स्टेशनाला से केलंत. एका माणसाला टेल केलं नाहीत कधी."

"एकीला करायचो," ते म्हणाले. त्या वेळी मात्र आवाज माइकचा नव्हता. "ती गेली. तेव्हापासून सवय सुटली."

  मॅडम फळ्याकडे वळल्या आणि जे पुसायचं नव्हतं तेही पुसून टाकलं.

मग काही महिने असे गेले की आम्ही इंग्रजी कमी शिकलो आणि ह्या दोघांकडे जास्त पाहिलं. मुजावर साहेब वेळेवर यायला लागले, मग वेळेच्या आधी. त्यांनी नातवाला फोनवर मांजराची गोष्ट सांगितली आणि नातू हसला, ही बातमी त्यांनी वर्गात आणली तेव्हा मॅडमनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी टाळ्या वाजवलेल्या आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या. सोपानराव मला जिन्यात म्हणाले, "ताई, काय तरी पिकतंय."

आणि एका संध्याकाळी ते पिकून पडलं. मॅडमनी प्रत्येकाला टेल वापरून एक खरं वाक्य करायला सांगितलं होतं. माझं वाक्य दाताबद्दल होतं, सोपानरावांचं बैलाबद्दल. मुजावर साहेब उभे राहिले. घसा खाकरला.

"आय हॅव समथिंग टु टेल."

मॅडम फळ्यावर काही लिहीत होत्या. पाठमोऱ्याच, सवयीने म्हणाल्या, "टेल हूम?"

"यू, मॅडम. आय वाँट टु टेल यू, दॅट आय वाँट टु मॅरी यू."

खालच्या रस्त्यावरून स्कूटर गेली ती आम्हाला विमानासारखी ऐकू आली. मॅडम वळल्या. मान, कान, गाल, सगळं डाळिंबासारखं झालं होतं. त्यांनी चष्मा सारखा केला. मग म्हणाल्या, "वाक्य बरोबर आहे. बसा."

मुजावर साहेब बसले. मॅडम लिहायला लागल्या आणि त्यांनी टेलमध्ये तीन एल घातले. कुणीही चूक दाखवली नाही.

वर्ग सुटल्यावर सोपानरावांनी मुजावर साहेबांना कोपऱ्यात घेतलं. "काय म्हनल्या?"

"सिग्नल मिळालेला नाही," मुजावर साहेब म्हणाले. "पण लालही नाही."

पुढचे दोन आठवडे मॅडम इंग्रजीखेरीज काही बोलल्या नाहीत. मग एका दुपारी दाढ दुखते म्हणून दवाखान्यात आल्या. डॉक्टर जेवायला गेले होते हे त्यांना माहीत होतं. माझ्यासमोरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

"मेधा, मला ते पसंत आहेत. मी त्यांना तसं सांगितलंही. आता भाईजानला सांगायचंय, आणि माझं तोंड उघडत नाही."

"मॅडम, इथे भल्याभल्यांचं उघडतं," मी म्हणाले. त्यांना हसू आलं, पण लगेच गेलं. मग त्यांनी मला सगळं सांगितलं. वडील लवकर गेले, भाईजाननी गाळा सांभाळून त्यांना शिकवलं. पंचविशीत एक स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, चांगल्या घरचा. सगळ्यांसमोर रुबाबात म्हणाला, "माय मदर सेड मी, यू आर टीचर." आणि मॅडमनी चहाचा ट्रे हातात धरून त्याला दुरुस्त केलं. स्थळ चहा न पिता उठलं. भाईजान रागाने म्हणाले होते, "आता जन्मभर व्याकरणाशीच संसार कर."

"मी केला," मॅडम म्हणाल्या. "आता ह्या वयात, त्याच घरात, त्याच माणसासमोर जाऊन काय म्हणू? तो हसेल, मेधा. रागावला तर मला चालेल. हसला तर मी तिथेच संपेन."

मी काही बोलणार एवढ्यात दारातून आवाज आला, "मॅडम, चला." सोपानराव होते. पेरूचा टेम्पो मंडईत उतरवून दात दाखवायला आले होते आणि पायरीवर उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्याबद्दल त्यांना तिळमात्र लाज नव्हती. "तुमीच शिकवलं, टेलला माणूस लागतो. माणूस मंडईत बसलाय. गिऱ्हाईक कमी हाय. चला."

मॅडम नको नको म्हणत उठल्या. मी दवाखान्याला कुलूप लावलं. तिघं एका रिक्षात बसलो. मंडई येईपर्यंत सोपानराव पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर लटकत होते आणि मॅडम ओठांतल्या ओठांत वाक्य घोकत होत्या. ते इंग्रजीत होतं हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

भाईजान गाळ्यावर उंच बसले होते. पुढे मोसंब्यांचा मनोरा, बाजूला पेरू, मागे केळीचे लोंगर. वयाने सत्तरीच्या पुढचे, डोक्यावर टोपी, हातात तराजू. समोर एक काकू पेरू दाबून बघत होत्या. बहिणीला भरदुपारी पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. घरात हे दोघं आपल्या दखनीत बोलत, पण गाळ्यावर मराठी, हा भाईजानचा नियम होता.

मॅडम मोसंब्यांसमोर उभ्या राहिल्या. "भाईजान, आय हॅव टु टेल यू..."

"मराठीत बोल," भाईजान म्हणाले. "मोसंब्यांना इंग्लिश येत नाही."

मॅडमनी आमच्याकडे पाहिलं. सोपानरावांनी मान हलवली. मग त्या एका दमात म्हणाल्या, "भाईजान, मला लग्न करायचंय."

तराजू खाली आला. "काकू, जरा थांबा," भाईजान त्या बाईंना म्हणाले. मग बहिणीला, "कुणाशी?"

"मुजावर साहेबांशी. रेल्वेत होते."

"तुझ्या वर्गातले, गाड्या सांगायचे ते?"

"हो."

"वाटलंच मला."

मॅडमचं तोंड उघडंच राहिलं. "कसं वाटलं? कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? इतकी वर्षं तू घरी जाताना डागी फळं उचलायचीस. चांगली गिऱ्हाइकाला द्या म्हणायचीस. यंदा बघतोय, डाळिंब घेतेस, उजेडात धरतेस, वाजवून बघतेस, आणि नेतेस. घरी तर एक पोचत नाही." भाईजान खाली उतरायला लागले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला. सोपानरावांनी हात दिला. "मी गाळ्यावर जन्म काढलाय. माणूस फळ कुणासाठी निवडतंय ते मला लांबून कळतं."

"मग विचारलं का नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. मागच्या वेळी मी बोललो ते फार झालं होतं." ते बहिणीसमोर येऊन उभे राहिले. "आणि तो पोरगा मलाही आवडला नव्हता. पेरू बिया काढून खात होता."

मॅडम हसल्या की रडल्या हे सांगता येणार नाही, दोन्ही एकदमच झालं. आमच्याकडे वळून, नाक पुसत, शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, "बघा. ही कुड टेल. याला म्हणतात ओळखणं." त्या अवस्थेतही उदाहरण वाया जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती.

"त्यांचं इंग्लिश कसं आहे?" भाईजाननी विचारलं.

"चांगलं आहे. जरा उशिरा धावतं."

"अहो, लग्न होऊ द्या सावकाश," पेरूवाल्या काकू म्हणाल्या, "पण माझे पेरू कोण देणार?" सोपानराव गाळ्यावर चढले आणि त्यांनीच ते मोजून दिले, वर दोन जास्त टाकले. भाईजान बघत होते, पण त्या दिवशी त्यांनी ते चालवून घेतलं.

निकाह भाईजानच्या घरीच झाला. आम्ही सगळा वर्ग गेलो. सोपानरावांच्या जुळ्या मुली एकसारख्या पातळांत आल्या होत्या आणि भाईजानच्या बेगम दर वेळी त्याच मुलीला दुसऱ्यांदा सरबत देत होत्या. काझींनी कबुली विचारली ती तीनदा विचारली. मॅडम मला मागून म्हणाल्या, "चांगली पद्धत आहे. मी वर्गात एकदाच विचारते, म्हणून तुम्ही कच्चे राहिलात." जेवणाच्या वेळी गर्दी आवरेना तेव्हा नवरदेवच उठले, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तीन भाषांत जाहीर केलं की बिर्याणीची दुसरी पंगत उजवीकडच्या खोलीत लागत आहे, कृपया मुलांचे हात धरावेत. एकही माणूस चुकीच्या खोलीत गेला नाही.

लग्नानंतर मॅडम विश्रांतवाडीला राहायला गेल्या. तिथून त्या बसने वर्गाला येत राहिल्या, पुष्कळ दिवस. मग जिना चढवेना. "माय नीज आर टेलिंग ऑन मी," म्हणाल्या. "टेल ऑनचे दोन्ही अर्थ लागू आहेत बघ. वय झाल्याचा परिणामही दिसतोय, आणि गुडघे माझ्या वयाची चहाडीही करतायत." पाटी त्यांनी स्वतः काढली. मी तोवर दवाखान्यात इंग्रजीत भांडायला शिकले होते. त्या म्हणाल्या, तू पास.

मॅडम गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. फार आजारी पडल्या नाहीत. दुपारच्या झोपेतून उठल्या नाहीत, इतकंच. महिना उलटल्यावर मी विश्रांतवाडीला गेले तर गॅलरीत मुजावर साहेब आणि भाईजान समोरासमोर बसलेले. भाईजान नव्वदीला टेकले होते, तरी दर दोन दिवसांनी नातवाच्या स्कूटरवरून इथे यायचे. लग्नापूर्वी ह्या दोघांची ओळखही नव्हती, आणि आता दोघं भांडत होते.

"गायची," मुजावर साहेब म्हणत होते. "रोज सकाळी. स्वयंपाकघरात, चहा होईपर्यंत."

"शक्यच नाही. माझ्या घरात वाढली ती. तिच्या तोंडून मी एक ओळ ऐकली नाही." भाईजान माझ्याकडे वळले. "तू सांग, मेधा. वर्गात कधी गायली?"

मी नाही म्हणाले. वर्गात नाही, रिक्षात नाही, कुठेच नाही.

"बघा," भाईजान म्हणाले. मग काठीवर हनुवटी टेकवली. हळूच विचारलं, "काय गायची?"

मुजावर साहेबांनी घसा साफ केला आणि मॅडमची ती चाल गुणगुणून दाखवली, जशी त्या गायच्या तशी. चढाच्या जागी उतरत होती, उतरायच्या जागी चढत होती, आणि मध्येच चहात आलं घालायला थांबत होती.

"किती बेसूर!" भाईजान म्हणाले. त्यांचे खांदे हसून हलायला लागले. डोळे पुसत पुसत त्यांनी आपली खुर्ची मेव्हण्याच्या खुर्चीला भिडवली, आणि गळ्यात सूर नसलेले ते दोघे म्हातारे ती चाल मिळून म्हणायला लागले.